कचऱ्याची वीज: पैसा येतो कुठून?

(दृश्य: पहाटे भाजीबाजारामागे घंटागाडीत ओला कचरा भरला जातोय.)

केळीच्या घडांचे दांडे, कोबीची पानं, सडलेली वांगी. जळगाव-भुसावळ पट्ट्यातल्या या कचऱ्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. तो जाळायला घेतला, तर निघालेली बरीचशी उष्णता हे पाणी उडवण्यातच खर्ची पडते. दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली कचरा जाळून वीज करायचा प्रकल्प उभा राहिला आणि तीन आठवड्यांत बंद पडला. कारण हेच: कचऱ्यात जळण्यासारखं फार थोडं होतं.

त्यामुळे धुळे-जळगावसारख्या ठिकाणी ओल्या कचऱ्याला वाट उरते बायोगॅसची: बंद टाकीत कचरा कुजवायचा आणि निघालेल्या गॅसवर इंजिन चालवून वीज करायची. तिचा हिशेब मांडू.

रोज पाच टन निवडलेला ओला कचरा धरा. टनामागे साधारण ८० घनमीटर गॅस, म्हणजे ४०० घनमीटर. घनमीटरला दीड युनिट धरलं, तर ६०० युनिट वीज. त्यातली शंभरेक क्रशर (कचरा भरडायचं यंत्र), पंप आणि ढवळणी खातात. उरलेल्या ५०० युनिटांना सात रुपये भाव मिळाला, तरी दिवसाचे होतात ३,५०० रुपये. आठ माणसांची रोजची ५०० रुपये हजेरीच ४,००० होते. कर्जाचा हप्ता तर अजून धरलेलाच नाही.

मग प्रकल्प तगतो कशावर? पालिका टनामागे देते त्या प्रक्रिया शुल्कावर. डेपोपर्यंतचं डिझेल आणि डेपोची जागा वाचते, त्यातूनच ते द्यायचं. वीजही बाहेर विकण्यापेक्षा पालिकेच्याच पाण्याच्या पंपाला वापरलेली बरी. पालिका जो दर भरते, तो पुरता वाचतो.

(दृश्य: क्रशर उघडलेला. शाफ्टवर धाग्यांचा जाड वेढा.)

हे केळीच्या दांड्याचे धागे. दांडे अख्खे टाकले की शाफ्टला गुंडाळत जातात, मोटर तापते आणि ट्रिप होते. आधी कोयत्यानं वीतभर तुकडे करावे लागतात.

टाकीत सामू, म्हणजे पीएच, सात-सव्वासातच्या आसपास हवा; आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो. सणानंतर एकदम फळांचा ढीग ओतला, की आम्ल वाढतं, सामू साडेसहाखाली येतो आणि मिथेन, म्हणजे बायोगॅसमधला जळणारा वायू, तयार करणारे जिवाणू मंदावतात. अशा वेळी भरणी थांबवायची, शेणकाला द्यायचा, चार-आठ दिवस धीर धरायचा. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे रात्री कडाक्याची थंडी पडते. टाकीला जिवाणूंसाठी ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, म्हणून इंजिनाचं गरम पाणी टाकीभोवती फिरवतात. ती सोय नसेल, तर हिवाळ्यात गॅस घटणारच.

गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड इंजिन आतून गंजवतो. लोहचुऱ्याचा फिल्टर वेळेवर बदलला नाही, तर बेअरिंग आणि व्हॉल्व्हचा खर्च वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट निघतो.

शेवटी करारातली एक ओळ. पैसे नुसत्या वजनावर ठरले, की गाडीत माती आणि पाणीही मोजलं जातं. ती माती टाकीच्या तळाशी बसते, आणि टाकी उपसायची म्हणजे प्रकल्प काही आठवडे बंद. म्हणून शुल्काचा काही भाग गॅसच्या मीटरला बांधावा, आणि मिश्र कचऱ्याची गाडी वजनकाट्यावरूनच परत पाठवण्याचा अधिकार प्रकल्पाच्या माणसाला लेखी द्यावा.