उसाची ट्रॉली, पंचनामा आणि अपघाताचा क्लेम

नमस्कार मंडळी. कारखान्यांचा सीझन सुरू झालाय, रात्री रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागल्यात, आणि दरवर्षी याच दिवसांतल्या अपघातांची माणसं पुढं आमच्याकडं कागद घेऊन येतात. मी जिल्हा कोर्टात अपघाताच्या क्लेमची कामं करतो. बहुतेक क्लेम कोर्टात नाही बिघडत, ते रस्त्यावर पहिल्या दिवशीच बिघडतात, म्हणून आज तेच बोलायचंय.

नेहमीचा प्रकार सांगतो. पोरगा ड्युटी संपवून बाईकवरून घरी निघालेला असतो, पुढं ट्रॉली पंक्चर होऊन डांबरावरच उभी, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, चाकाला दोन दगड लावलेले, त्यात समोरनं गाडी येते, डोळे दिपतात आणि धडक. घरचे सगळे दवाखान्यात पळतात, जे बरोबरच आहे, पण तेवढ्यात ट्रॉली तिथनं हलते. मग पंचनाम्यात एक ओळ येते, मोटारसायकलस्वाराने पाठीमागून धडक दिली. कधीकधी तर गेलेल्या पोरावरच गुन्हा दाखल होतो. पुढं केस उभी राहते तेव्हा इन्शुरन्स कंपनीचे वकील तीच ओळ कोर्टाला वाचून दाखवतात, चूक मयताचीच होती म्हणतात, आणि कोर्टाला थोडं जरी पटलं तरी जेवढे टक्के चूक तेवढे पैसे कापले जातात.

म्हणून घरातला नाहीतर शेजारचा एकजण तिथं थांबवा. फोटो काढा, ट्रॉलीची मागची बाजू पूर्ण दिसली पाहिजे, ट्रॅक्टरचा नंबर वेगळा आणि ट्रॉलीचा वेगळा, दोन्ही घ्या, डांबरावर किती आणि साईडपट्टीवर किती होती तेही दिसू द्या. पोलीस पंचनाम्याला आले की हजर राहा, मागं लाईट नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता हे लिहायला सांगा. नाहीच लिहिलं तर पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या, शिक्क्यासकट. ती पोच पुढं फार कामाला येते.

आता तडजोडीचं. ट्रॅक्टरवाला बऱ्याचदा शेजारच्या गावातला, पावण्यातला निघतो, मग बैठक बसते, थोडेफार पैसे घ्या आणि केस करू नका म्हणतात. घरच्यांना वाटतं, कशाला एखाद्याचं घर उठवायचं. अहो, पण इन्शुरन्स चालू असेल तर पैसे त्याच्या खिशातनं नाही जात, कंपनी देते, त्याच्यासाठीच तर थर्ड पार्टी इन्शुरन्स कायद्यानं सक्तीचा केलाय. ड्रायव्हरच्या लायसनमध्ये घोळ निघाला तरी कंपनीनं आधी भरपाई द्यायची आणि नंतर मालकाकडून वसूल करायची, असा आदेश कोर्ट देऊ शकतं, सुप्रीम कोर्टाच्या २००४ च्या स्वर्ण सिंग निकालापासून हे चालत आलंय.

आणि रक्कम किती सोडतोय ते तरी बघा. समजा तीस वर्षांचा गवंडी, महिन्याला १२,००० कमावणारा, मागं बायको, दोन मुलं आणि आई. स्वतःचं काम असलेल्याच्या कमाईत या वयाला पुढच्या वाढीचे ४० टक्के धरतात, म्हणजे १६,८०० झाले. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा पाव हिस्सा वजा, राहिले १२,६००, वर्षाचे १,५१,२००. तीस वर्षांच्या वयाला १७ चा आकडा ठरलेला आहे, त्यानं गुणायचं, होतात २५,७०,४००. अंत्यविधी वगैरेची रक्कम वेगळी. सरला वर्मा २००९ आणि प्रणय सेठी २०१७ या सुप्रीम कोर्टाच्या निकालांतला हा हिशोब आहे. घरकाम करणारी बाई गेली तरी तिच्या कामाची किंमत धरतात, ती काही कमवत नव्हती असं सांगून कुणी गप्प बसवत असेल तर बसू नका.

जखमी माणसाचं वेगळं असतं. सर्टिफिकेटवर ६० टक्के अपंगत्व आलं म्हणजे कमाईचं नुकसान पण ६० टक्केच, असं नसतं. हात गेला तर सुताराचं किंवा ड्रायव्हरचं सगळंच काम गेलं, ऑफिसात बसणाऱ्या क्लार्कची नोकरी टिकू शकते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार, २०११, त्यात कोर्टानं हेच सांगितलंय. म्हणून तुम्ही काय काम करत होता त्याचा पुरावा जपा, पगाराची स्लिप नसली तर ठेकेदाराची वही, बँकेचं पासबुक, काहीही चालेल. औषधांची बिलं आणि डिस्चार्ज कार्ड तर हवंच हवं, ते हरवतात आणि मग आम्ही कोर्टात काय दाखवणार.

मुदत ध्यानात ठेवा, १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असा नियम आहे. त्यावरनं वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेलाय, पण त्या भरवशावर राहू नका, सहा महिनेच धरून चाला. अर्ज जिथं अपघात झाला तिथंच करावा लागतो असं नाही, तुम्ही राहता तिथल्या ट्रिब्युनलमध्येही, म्हणजे अपघाताचे क्लेम चालवणाऱ्या कोर्टातही चालतो. चूक सिद्ध करायची नसेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ आहे, मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, पण ते पैसे स्वीकारले की मोठा क्लेम संपतो, तेव्हा सही करण्याआधी विचारा. धडक देणारी गाडी सापडलीच नाही तर हिट अँड रनच्या योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमीला ५०,००० मिळतात. उपचारांसाठी २०२५ पासून कॅशलेस योजनाही आहे, अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत, दवाखान्यात गेल्या गेल्या विचारा.

शेवटी एजंट लोकांबद्दल. दवाखान्याच्या दारात येऊन एवढे टक्के द्या, सगळं करून देतो म्हणणारे भेटतात, आणि दुःखातली माणसं कोऱ्या कागदावर सह्या करतात, हे बघून फार वाईट वाटतं. निकालावर टक्केवारी ठरवून फी घेणं वकिलाला बार कौन्सिलच्या नियमानं चालत नाही. परवडत नसेल तर जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, अपंगांना, महिलांना, कमी उत्पन्नवाल्यांना तिथं फुकट वकील मिळतो, एफआयआरची कॉपी आणि आधार कार्ड घेऊन सरळ आत जा.