मानसशास्त्रज्ञाला खोटं कळतं का?

नजर चुकवली, पाय हलवला की माणूस खोटं बोलतोय, हा समज पहिल्यांदा बाजूला ठेवू. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये २४ हजारांहून अधिक परीक्षकांचे निकाल एकत्र तपासले. नुसतं बघून-ऐकून खरं-खोटं अचूक ओळखण्याचं प्रमाण निघालं ५४ टक्के. नाणेफेक केली असती तरी ५० मिळाले असते. मानसशास्त्राची पदवी असल्याने हे डोळे काही वेगळे होत नाहीत.

म्हणून मूल्यमापनात भिस्त चेहऱ्यावर नसते, उत्तरांवर असते.

(पडद्यावर: कोरी उत्तरपत्रिका)

एमएमपीआय-२ ही व्यक्तिमत्त्व आणि मानसिक तक्रारी तपासणारी लेखी चाचणी. तिच्यात ५६७ विधानं. प्रत्येकापुढे खूण: बरोबर की चूक. आधी मोजायची ती सोडलेली विधानं. ३० किंवा जास्त असली तर पुढे जाण्यात अर्थ नाही. मग एकसारख्या किंवा परस्परविरुद्ध विधानांच्या जोड्या ताडून बघतात. न वाचता खुणा करत सुटलेला इथे सापडतो. घाईत हीच पायरी वगळली जाते आणि घोटाळा होतो. कारण पुढची ‘एफ’ मापपट्टी, म्हणजे सर्वसाधारण माणसं क्वचितच मान्य करतात अशी ६० विधानं, सोंग घेणाऱ्याची वर जाते, तशी बेफिकीर खुणा करणाऱ्याचीही जाते. आणि खरोखर गंभीर आजारी असलेल्याचीही. त्यावर उतारा म्हणून आणखी २७ विधानांची मापपट्टी आहे. ती मनोरुग्णालयातले रुग्णसुद्धा सहसा मान्य करत नाहीत.

‘मला काही आठवत नाही’ म्हणणाऱ्यासाठी टॉम, म्हणजे विसरल्याचं सोंग ओळखणारी चाचणी. (तिची चित्रं इथे दाखवत नाही, ती फुटली की चाचणी निकामी.) साधी रेखाचित्रं, ५०. प्रत्येक तीन सेकंद. मग दोन-दोन चित्रं समोर: यातलं आधी कोणतं पाहिलं? दिसायला अवघड, प्रत्यक्षात सोपी. दुसऱ्या फेरीत ४५ च्या खाली गुण आले की शंका घ्यायची. डोळे मिटून बोट ठेवलं तरी २५ च्या आसपास बरोबर येतात. १४ च आले तर? निव्वळ अंदाजाने इतके कमी गुण हजारात एक-दोनदाच पडतील. म्हणजे बरोबर चित्र माहीत होतं आणि ते टाळलं.

मात्र ३८ गुणांवर असं छातीठोक सांगता येत नाही. पुढच्या टप्प्यातला स्मृतिभ्रंश असेल, बौद्धिक अक्षमता असेल, तर प्रामाणिक माणूसही ४५ ला पोहोचत नाही. त्यामुळे एकाच चाचणीवर निकाल देऊ नये.

अहवालात ‘खोटारडा’ हा शब्द येत नाही. ‘या गुणांवरून क्षमतेचा अंदाज बांधता येणार नाही’ इतकंच लिहितात. हेतू भरपाईचा, भीतीचा की मदतीच्या याचनेचा, हे गुण सांगत नाहीत. शिवाय डोक्याला खरी इजा झालेला माणूसही लक्षणं फुगवून सांगू शकतो. तेव्हा इजा किती, हे शोधायला अपघाताच्या दिवसाची कागदपत्रं, मेंदूचं स्कॅन आणि आधीच्या कामाच्या नोंदी मागवाव्या लागतात.