सिग्नलला इंजिन आपोआप बंद कसं होतं?

पुण्यातला नळ स्टॉपचा सिग्नल, संध्याकाळची गर्दी. ही पांढरी गाडी बघा. ड्रायव्हरने न्यूट्रल केलं, क्लच सोडला आणि आरपीएमचा काटा थेट शून्यावर. गाडी बंद पडलेली नाही बरं का, रेडिओ चालू आहे, ब्लोअर चालू आहे. आता क्लचला पाय लागला रे लागला की इंजिन परत सुरू, गिअर पडेपर्यंत गाडी तयार. ऑटोमॅटिकमध्ये हेच काम ब्रेकवर होतं.

या 'स्टार्ट-स्टॉप' सिस्टीमची आयडिया जुनीच आहे, टोयोटाने १९७४ मध्ये क्राउनमध्ये करून बघितली होती.

बंद करायच्या आधी ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, बरंच काही तपासतो, इंजिन गरम झालंय का, बॅटरीत दम आहे का, बेल्ट लावलाय का, दार नीट लागलंय का, आणि यातलं एक जरी नाही आलं तरी तो इंजिन चालूच ठेवतो. मे महिन्यात तर हमखास. साध्या पेट्रोल-डिझेल गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, इंजिन थांबलं की तोही थांबतो, मग आत गरम व्हायला लागलं की गाडी स्वतःहून स्टार्ट होते आणि लोक म्हणतात सिस्टीम बिघडली!

'सारखं स्टार्ट करून स्टार्टर जाईल' हे तर सगळ्यांचंच म्हणणं. हा उघडलेला स्टार्टर बघा. हे छोटं पिनियन पुढे सरकतं, फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनला जोडलेल्या मोठ्या चाकाच्या दात्यांत अडकतं आणि इंजिन फिरवतं. या गाड्यांमध्ये ब्रश, बेअरिंग, सगळंच जास्त दणकट देतात, कारण रोजचे एवढे स्टार्ट कंपनीने आधीच धरलेले असतात. मारुतीच्या २०१५ च्या डिझेल सियाझमध्ये तर सिग्नलवरचं स्टार्ट पट्ट्यावरची मोटरच करते, ती अल्टरनेटरचं, म्हणजे बॅटरी चार्ज करायचंही काम करते, त्यामुळे खर्रर्र आवाजच नाही. मग डॅशबोर्डवरचं ते बटण दाबून लोक सिस्टीम रोज का बंद करतात, कळत नाही. उभ्या गाडीतलं पेट्रोल फुकट जातं, धूर शेजारच्या स्कूटरवाल्याच्या नाकात.

आणि ही बॅटरी. निगेटिव्ह टर्मिनलवरची ही डबी म्हणजे सेन्सर, करंट, व्होल्टेज, तापमान सगळं मोजतो. बॅटरी ईएफबी नाहीतर एजीएम, म्हणजे सारखं स्टार्ट सोसणारी लागते, महाग असते, पण स्वस्तातली साधी टाकली तर लवकर बसते. आणि काही गाड्यांत नवीन टाकल्यावर स्कॅनर लावून ईसीयूला तसं सांगावं लागतं, ते मेकॅनिककडून आठवणीने करून घ्या.