"दादाला किती आले होते?" भावंडांचा नंबर आणि आयक्यूचा आकडा

(कॅमेऱ्यासमोर, टेबलावर चाचणीचे लाल-पांढरे ठोकळे)

नमस्कार. गेल्या महिन्यात ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या या खोलीत नऊ वर्षांचा एक मुलगा बुद्धिमापन चाचणीला बसला होता. मी आकडे सांगायचे, त्याने उलटे म्हणायचे. मी म्हटलं, "५, ८, २." टेबलाच्या कडेवर बोटं टेकवत तो म्हणाला, "२... ८... ५." मग चार आकडे. मग पाच. पाचाला अडखळला, आणि मान वर करून विचारलं, "दादाला किती आले होते?"

त्याची आई आधीच सांगून गेली होती, "मॅडम, मोठा पहिल्यापासून हुशार. हा आपला खेळकर." संध्याकाळी तलावपाळीला बाकावर टेकलात तर असं काहीतरी कानावर पडतंच. थोरलं मूल जास्त हुशार, यात तथ्य आहे का? आहे. पण केवढं, ते बघा.

२००७ साली नॉर्वेतल्या संशोधकांनी सैन्यभरतीच्या वेळी घेतलेल्या चाचण्या तपासल्या. जवळपास २ लाख ४१ हजार तरुण. थोरल्यांचा आयक्यू, म्हणजे बुद्ध्यांक, दुसऱ्या नंबरच्या भावंडांपेक्षा सरासरी २.३ गुणांनी जास्त निघाला. त्या अभ्यासातला मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो भाग मात्र पुढचा आहे. काही घरांत थोरलं मूल तान्हेपणीच गेलं होतं. तिथे दुसरं मूल थोरलं म्हणून वाढलं, आणि त्याचे गुण थोरल्यांच्या आसपास आले. जन्माचा नंबर दुसराच, पण घरातली जागा पहिली. हा फरक पोटातून आणलेला नाही, तो घरात घडतो.

आता २.३ गुण म्हणजे किती? आयक्यूत सरासरी १०० धरलेली असते, आणि साधारण दोन तृतीयांश लोक ८५ ते ११५ च्या मध्ये येतात. तेच मूल दुसऱ्या दिवशी चाचणीला बसवलं, रात्री झोप झाली नसेल, पोटात भूक असेल, तर चार-पाच गुण सहज इकडेतिकडे होतात. लाखोंच्या सरासरीत दिसणारा हा फरक तुमच्या घरातल्या दोघांना लावताच येत नाही. कितीतरी घरांत धाकटंच पुढे असतं.

आणि "थोरला जबाबदार, धाकटा बंडखोर" हे? २०१५ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या २० हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासली गेली. बुद्धीच्या गुणांत छोटासा फरक तिथेही दिसला, स्वभावात मात्र जवळजवळ काहीच नाही.

(ठोकळा हातात घेऊन)

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी केली ती शाळेत कोणाला जास्तीची मदत लागेल हे ओळखायला. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली, १९३४ साली. हे मी मुद्दाम सांगते, कारण प्रश्न मुलाच्या भाषेत नसतील तर आपण बुद्धी नाही, इंग्रजी मोजत बसतो. रिपोर्ट हातात आला की विचारा: चाचणी कोणती, कोणत्या भाषेत घेतली, आणि ज्या मुलांच्या गुणांशी तुलना केली, ते गुण किती जुने आहेत?

अजून एक. चाचणी नऊ वर्षांच्या मुलाची तुलना नऊ वर्षांच्याच मुलांशी करते. घरी आपण ती तेरा वर्षांच्या दादाशी करतो. रोज. जेवताना, अभ्यासाला बसवताना, पाहुण्यांसमोर. याचं मला फार वाईट वाटतं.

मग थोरल्याला जास्तीचं मिळतं ते काय? सुरुवातीची काही वर्षं आईबाबा त्याचे एकट्याचे असतात, हे एक. दुसरं कारण रॉबर्ट झायोंत्स या मानसशास्त्रज्ञाने मांडलं: थोरलं मूल धाकट्याला शिकवतं, आणि शिकवणाऱ्याचं डोकं जास्त चालतं. शेंडेफळाने शिकवावं असं धाकटं कोणीच नसतं.

म्हणून मी त्या आईला विचारलं, "हा घरात कोणाला काही शिकवतो का?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजीला. मोबाइलवर फोटो पाठवायला. तिला जमेपर्यंत तिच्या शेजारून उठत नाही."

रिपोर्टमध्ये मी हेच सगळ्यात वर लिहिलं. आकडा त्याच्या खाली.