कानाच्या आरोग्यातील सूक्ष्मजीवांचे स्थान

लहान मुलाचा कान फुटला की घरातल्या सगळ्यांचे लक्ष कानाकडे लागते. पण त्या दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा नाकाच्या मागच्या पोकळीत असते, आणि तिथे कोणते जिवाणू वस्तीला आहेत यावर त्या मुलाचे ऐकणे पुष्कळसे अवलंबून असते.

बाहेरच्या कानाविषयी थोडक्यात सांगतो. कानातला मळ किंचित आम्लधर्मी असतो आणि त्याच्या आश्रयाने निरुपद्रवी जिवाणू राहतात. काडीने तो रोज कोरून काढला, किंवा प्रतिजैविकांचे थेंब विनाकारण आठवडेच्या आठवडे घातले, तर पावसाळ्याच्या दमट हवेत ॲस्परजिलससारख्या बुरशीला मोकळे रान मिळते. पडद्याला भोक असलेल्या कानात तेल घालणे तर सर्वथा टाळावे.

मधल्या कानाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. न्युमोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झी आणि मोराक्सेला हे जिवाणू कितीतरी निरोगी मुलांच्या नाकाच्या मागे काही त्रास न देता राहतात. सर्दी झाली की नाकाची मागची पोकळी आणि मधला कान यांना जोडणारी युस्टेशियन नलिका सुजते, आणि मुलांमध्ये ती आखूड व आडवी असल्यामुळे हे जिवाणू सहज वर चढतात. पुढे पडद्यामागे द्रव साचून राहिला, तर ऐकण्याची पातळी सुमारे २५ ते ३० डेसिबलने घटते. अशा मुलाला मागच्या बाकावर बसून शिक्षकांचे बोलणे नीट ऐकू येत नाही, आणि दुर्दैवाने आपण त्याला बेलक्ष ठरवतो.

वारंवार कान फुटणाऱ्या मुलांच्या नाकामागे, या जिवाणूंना आवर घालणारे अल्फा स्ट्रेप्टोकॉकस कमी आढळतात, असे दिसून आले होते. त्यावरून स्वीडनमधील संशोधकांनी १०८ मुलांना आधी प्रतिजैविक दिले आणि नंतर काहींच्या नाकात या उपकारक जिवाणूंचा, तर काहींच्या नाकात नुसता फवारा मारला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी पहिल्या गटातील ४२ टक्के मुले निरोगी राहिली, दुसऱ्या गटातील २२ टक्के. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, प्रतिजैविकाशिवाय केलेल्या दुसऱ्या स्वीडिश चाचणीत मात्र फवाऱ्याचा उपयोग दिसला नाही. म्हणजे जुनी वस्ती हटल्याशिवाय नवी रुजत नसावी, असा माझा तर्क आहे. पण एवढ्या आधारावर औषधाच्या दुकानातील प्रोबायोटिकला, म्हणजे उपकारक जिवाणू असलेल्या गोळ्या-पुड्यांना, कानाचे औषध म्हणणे मला मान्य नाही.

आज हाती असलेला अधिक भरवशाचा उपाय म्हणजे न्युमोकोकसची लस. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात ती २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर पोहोचली. लसीतील प्रकार नाकामागून कमी होतात, पण रिकाम्या जागी न्युमोकोकसचेच इतर प्रकार येऊन बसतात. म्हणूनच लशीत समाविष्ट प्रकारांची संख्या ७ वरून १०, १३ आणि त्याहून पुढे वाढवत न्यावी लागली आहे.