ते शेवाळ नव्हेच

मंडळी, आधी एक विचारतो. घरी मासे कोणाकोणाकडे आहेत? सहा हात. आणि टँकमध्ये हिरवं कोणाकडे माजलंय? नऊ! म्हणजे तिघांकडचे मासे गेले, हिरवं राहिलं.

माझंही तेच झालं होतं. 2017 पासून आपलं इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं म्हणून मिरवतंय, आणि माझ्या दिवाणखान्यात मात्र हिरवा-निळा बुळबुळीत गालिचा. दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "भिया, एक सकर डाल दो, सब चट कर जाएगा." बोटाएवढा मासा आणला. हिनं त्याचं नाव ठेवलं झोन अधिकारी, कारण तो दिवसभर काचेला चिकटून नुसता बघत असे. त्या गालिच्याला त्यानं तोंड म्हणून लावलं नाही. काकडी मात्र आवडीनं खायचा. दोन वर्षांत फूटभर झाला, रात्री शेपटीनं झाकण वाजवू लागला. आणि विष्ठा! सुतळीसारखी लांबच लांब. साफसफाईला ठेवलेल्यानंच घाण वाढवली. मुलगा म्हणाला, सिरपूर तलावात सोडू. मी नको म्हटलं. हा दक्षिण अमेरिकेचा पाहुणा, आपल्या तलावात एकदा रुळला की निघायचा नाही.

शेवटी एका रात्री वैतागून मी बोटानं तो थर उचलला. दुधावरच्या सायीसारखा अख्खा निघाला! वास घेतला, तर पहिल्या पावसाच्या मातीचा, पण कोंदट. खरं शेवाळ असं सोलून निघत नाही. हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. हसू नका, मोठं घराणं आहे. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठू लागला तो यांच्या पूर्वजांमुळे. तुम्ही स्पिरुलिनाच्या गोळ्या विकत घेता ना, तेही याच घराण्यातलं...

चिठ्ठी आली. "पाच मिनिटं, पोहे गार होताहेत." बरं, पळतो.

घासू नका, तुकडे टँकभर पसरतात. पाइपनं ओढून काढा. त्यातच एक तृतीयांश पाणी बदला, पण नर्मदेच्या नळाचं पाणी त्यातलं क्लोरीन घालवल्याशिवाय घालू नका. फिल्टरचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा. जिथे पाणी साचून राहतं, तिथेच हे धरतं. मग चार दिवस दिवा बंद, टँकवर काळी चादर, खाणं जवळजवळ नाही. हवेचा पंप मात्र चालू, कारण मेलेला थर कुजताना ऑक्सिजन खातो. नंतर दिवा रोज सहा-सात तास, बास. माझा बारा तास जळायचा, पाहुण्यांना मासे दिसावेत म्हणून.

अँटिबायोटिकच्या गोळ्या? थर जातो, पण फिल्टरमधले, माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणूही मरू शकतात, मग मासे जातात. नायट्रेट, म्हणजे पाण्यातलं यांचं खत, शून्यावर आणून हे उपाशी मरेल असंही समजू नका. यांच्यातले काही पाण्यात विरलेल्या नायट्रोजनवरही भागवतात. यावर तक्ता आणला होता, राहू दे.

झोन अधिकारी अजून आहेत. मोठा टँक असेल आणि कोणाला हवे असतील, तर पोह्यांच्या रांगेत भेटा.