आजार खुराड्याला, औषध कोंबडीला

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर माझ्या भाषणाचं नाव 'परसातल्या कोंबड्यांचे अज्ञात आजार : ओळख आणि उपाय' असं छापलंय. ते मी दिलेलं नाही. मी 'रात्रीची बॅटरी' असं सुचवलं होतं. आयोजक म्हणाले, लोकांना वाटेल विजेच्या उपकरणांवर आहे. वाटलं असतं तर चार माणसं जास्त आली असती, पण असो. आलेले सगळे कोंबडीवाले आहेत, हे दारातल्या चपलांवरूनच कळलं.

त्यामुळे खुराडं म्हणजे काय, खुडूक कोंबडी हात लावल्यावर कशी अंगावर येते, यात वेळ घालवत नाही. चाळीस मिनिटं आहेत. अज्ञात आजारांचा मुद्दा मोठा आहे, तो शेवटी सावकाश घेऊ. आधी माझी फजिती.

माझ्याकडे तेव्हा अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा. उन्हाळा सरता सरता अंडी कमी झाली. मग तुरे उतरले. तुरा कसा हवा? जास्वंदीसारखा. यांचे झाले धुऊन धुऊन विटलेल्या फडक्यासारखे. आणि एके सकाळी एक कोंबडी अंड्यांच्या पेटीत बसल्या जागी गेलेली. चोच गवतावर टेकलेली, डुलकी लागावी तशी. अंगावर जखम नाही, नाकाला पाणी नाही, विष्ठाही नेहमीसारखी. मी मनाशी म्हटलं, अज्ञात आजार तो हाच.

पुढचे दीड महिने मी उपचार केले. कोंबड्यांवर. पाण्यात जीवनसत्त्वं घातली, जंताचं औषध दिलं, खाद्य बदललं, परत पहिलं आणलं. येणारा-जाणारा सांगायचा, 'हवा बदलली की असं होतं.' हवा रोजच बदलते हो, तिला दुसरं काम काय! शेवटी एक कोंबडी एका ठिकाणी दाखवायला नेली. तिथल्या गृहस्थांनी, नाव घेत नाही, पिशवीत डोकावून न बघताच निकाल दिला : 'राणीखेत.' आता राणीखेत म्हणजे मानमोडी, ती तुम्हाला ठाऊक आहे. श्वासाला घरघर लागते, हिरवी पातळ हगवण होते, पंख लुळे पडतात, मान पिळवटते, आणि लस नसलेला कळप बघता बघता आडवा होतो. माझी कोंबडी पिशवीतून मान बाहेर काढून, सरळ मान, त्यांच्याकडेच बघत होती. ते मला अजून बोचतं. मी परत परत सांगतो म्हणून घरचे वैतागलेत, म्हणून आज तुम्हाला सांगतोय.

पण गृहस्थांना नावं ठेवताना माझंही सांगितलं पाहिजे. कोंबड्या मला रोज संध्याकाळी सांगत होत्या. दिवस मावळला की आपणहून आत जाणाऱ्या कोंबड्या दारात घुटमळायच्या. दोघी तर झाडावर जाऊन बसू लागल्या. मी काय केलं? हट्टीपणा म्हणून त्यांना काठीने हुसकून आत कोंडलं आणि कडी लावली.

मग एका रात्री कोंबडा ओरडला. मांजर शिरलं असेल म्हणून अकराच्या सुमाराला बॅटरी घेऊन गेलो. तोल सावरायला बसायच्या दांडीला धरलं, आणि मनगटावर काहीतरी सरसरलं. एक नाही, बरीच. दांडीचं टोक भिंतीच्या खाचेत बसतं ना, तिथे उजेड पाडला. राखेसारखी भुकटी सांडलेली. दांडी उचलली तर खाचेत तांबडा थर, आणि तो थर हलत होता! बोटाने दाबला. रक्ताची रेघ उमटली. रक्त माझ्या कोंबड्यांचं.

तो लाल माइट. आपण सरसकट 'किडे' म्हणतो, पण किड्याला सहा पाय. याला आठ, म्हणजे हा गोचिडीच्या आणि कोळ्याच्या गोतातला. लांबीला मिलिमीटरभरसुद्धा नाही. उपाशी असला की करडा, प्यायला की लाल. दिवसा फटीत, रात्री कोंबडीवर. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि रिकाम्या खुराड्यातही तो काही महिने उपाशी तग धरतो. मी रोज सकाळी उन्हात एकेक कोंबडी उलटीपालटी करून बघायचो आणि 'अंग स्वच्छ आहे' म्हणायचो. चोर पळाल्यावर पंचनामा करत होतो. अंग स्वच्छच होतं, फक्त रक्त कमी होतं.

उवांचं तसं नसतं. ऊ जन्मभर अंगावरच राहते. भर दुपारी शेपटीखालची पिसं फाकवा, पिवळसर उवा पळताना दिसतील आणि पिसांच्या बुडाशी लिखांचे पुंजके. म्हणून उवांवरचा उपाय कोंबडीवर करायचा आणि लाल माइटचा मुख्यतः घरावर. माझं सगळं भाषण खरं तर एवढंच आहे.

तिसरी ती गोचीड, कोंबडीची चपटी, मऊ पाठीची. तिची पिल्लं पंखाखाली काही दिवस चिकटून राहतात. मोठी झाली की तीही दिवसा फटीत आणि रात्री जेवायला. ती रक्त पिते आणि वर स्पायरोकीट नावाच्या पिळदार जीवाणूंचा ताप देते. 1903 साली मार्शू आणि सालिंबेनी या दोघा संशोधकांनी ब्राझीलमध्ये दाखवून दिलं की तो ताप गोचिडीतून कोंबडीत जातो. त्याच्या आधी, 1898 मध्ये रोनाल्ड रॉस यांनी कलकत्त्यात डासांमार्फत होणारा पक्ष्यांचा मलेरिया उलगडला. 1902 चं नोबेल त्यांना मिळालं. पक्ष्यांना काय मिळालं, ते विचारू नका. डासांवरून आठवलं, तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती खपल्या येतात त्या देवीही डास पसरवतात. आणि पायाची खवलं वर उचलून खरखरीत झाली तर तो म्हातारपणाचा परिणाम समजू नका, तोही माइटच, खवल्यांखाली...

चिठ्ठी आलीय. 'पाच मिनिटे.' बघा, मुख्य विषय राहिलाच. पटापट घेतो.

घराचं आधी. दांड्या, पेट्या काढा, सगळं गवत बाहेर काढून जाळा किंवा लांब नेऊन टाका. फटींत उकळतं पाणी घाला. मग कोंबड्यांसाठी मान्य असलेलं औषध, पशुवैद्यांना विचारून, अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारून. पिकावर मारायचं विष खुराड्यात मारू नका. माइट मरायच्या आधी कोंबड्या मरतील. आठवड्याने सगळं पुन्हा करायचं, कारण माइटच्या अंड्यांवर बहुतेक औषधं चालत नाहीत. मी पहिल्यांदा एकदाच केलं होतं, पंधरा दिवसांत होतं तिथे. तपासायला पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा रात्री दांडीखाली बांधा, सकाळी पांढऱ्या कागदावर झटका. अंग घुसळायला कोरड्या मातीचा खड्डा हवाच. नवी कोंबडी तीन-चार आठवडे वेगळी. माझ्याकडे बहुधा अशीच एक आली होती, प्रेमाने दिलेली. नाहीतर वळचणीच्या चिमण्यांच्या घरट्यातून.

आता 'अज्ञात'. फिका तुरा म्हणजे माइटच असं नाही. पिल्लं पिसं फुलवून बसली आणि विष्ठेत रक्त असेल तर रक्ती हगवण. खुराड्यात अंथरलेल्या ओल्या गादीत तिचे जंतू एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगे होतात, म्हणून गादी कोरडी ठेवा आणि विष्ठा तपासून घ्या. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या, तोंडं सुजली, तुरे निळे पडले, तर हात लावू नका, कुणाला देऊ नका, विकू नका. बर्ड फ्लूचा संशय धरून पशुवैद्यकीय खात्याला कळवा. तर्क लढवण्यापेक्षा शवविच्छेदन करून घ्या. मेलेली कोंबडी दुहेरी पिशवीत, भोवती बर्फ, आणि शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत. गोठवायची नाही, गोठवलं की आतल्या पेशी फुटतात आणि तपासणाऱ्याला काही वाचता येत नाही. म्हणजे फ्रीझर नको, खालचा कप्पा चालेल. घरच्यांना आधी विचारा. मी विचारलं नव्हतं.